स्किल मॅट्रिक्समध्ये चारही पाव भरले म्हणून ट्रेनर केलं. आता मला काय काय यायला पाहिजे?

व्हीएमसी_वाळूज (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी वाळूज एमआयडीसीत एका व्हेंडर कंपनीत आहे. मशिनिस्ट ट्रेडचा आयटीआय, मग ॲप्रेंटिसशिप, आणि तेव्हापासून व्हीएमसीवरच, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर. ॲल्युमिनियम हाउसिंगचं मशीनिंग चालतं आमच्याकडं. आता कंपनीनं डोजो रूम, म्हणजे नव्या पोरांना शिकवायची खोली, काढलीय आणि मला लाईनवरून उचलून पूर्णवेळ ट्रेनर केलंय.

निवड कशी झाली ते सांगतो, कारण माझा प्रश्न तिथंच आहे. लाईनवर स्किल मॅट्रिक्सचा बोर्ड असतो, तुम्ही पाहिला असंल. प्रत्येकाच्या नावापुढं एक गोल, त्याचे चार पाव. पहिला पाव म्हणजे शिकायलाय, दुसरा म्हणजे कुणी शेजारी असलं की करतो, तिसरा म्हणजे एकटा करतो आणि चौथा म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. माझा गोल पूर्ण भरलेला होता. पण पहिल्या तीन पावांसाठी माझी परीक्षा झाली होती. जॉब, म्हणजे मशीन केलेले पार्ट, मोजले, सायकल टाइम लावला, अलार्म काढायला लावले. चौथा पाव मात्र नुसता जुना झालो म्हणून भरला. मी शिकवताना शेजारी उभं राहून कुणी बघितलंच नाही.

आता पोरं येतात. कुणी औसा-निलंग्याकडचं, कुणी हिंगोलीचं, काही बिहारची. करून दाखवलं की माना हलवतात. "समजलं का?" "हो सर." आणि मशीनवर गेली की जॉबची हाइट चुकते, पॅरललिझम जातो, म्हणजे बाजू समांतर राहत नाहीत. बघावं तर जॉब ज्यावर टेकतो त्या रेस्ट पॅडवर चिप, म्हणजे कापताना उडालेला धातूचा तुकडा. एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी पद्धतीत, लिहिलंय, 'फिक्चर स्वच्छ करा'. फिक्चर म्हणजे जॉब पकडून धरणारी बैठक. मी तेच सांगतो. पोरं एअर गन मारतातसुद्धा. तरी चिप राहतेच.

एचआर म्हणतं कम्युनिकेशनचा कोर्स कर. क्वालिटीवाले पीपीटी मागायलेत. प्रॉडक्शनला पोरगं तीन दिवसांत मशीनवर उभं पाहिजे. मला हे काम मनापासून करायचंय, आणि चांगलं करायचंय. ट्रेनरला मशीनच्या पलीकडं नेमकं काय यायला लागतं? सुरुवात कुठून करू?

शेंद्रा_नाईटशिफ्ट

आधी अभिनंदन भाऊ. माझं मत सरळ आहे. मशीन येणं हीच खरी गोष्ट. पोरं पहिल्या दिवशीच ओळखतात समोरच्याला काम येतं का नाही. पीपीटी दाखवणारे ट्रेनर मी लई बघितले, अलार्म आला की मेंटेनन्सला फोन लावतात. तुला टूल घासल्याचं आवाजावरून कळतं. वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे टूलच्या झिजेसाठी मशीनला द्यायच्या आकड्यात, ०.०५ च्या जागी ०.५ पडलं तर पुढं काय होतं ते तू बघितलेलं आहेस. कोर्स केलेल्या माणसाकडं हे नसतं. तुझ्याकडं जे आहे ते दे, बाकी आपोआप येतं.

शिल्पनिदेशक_लातूर

शेंद्र्याच्या मित्रांचं निम्मं मला मान्य आहे. ज्याला काम येत नाही त्यानं ते शिकवायला उभं राहू नये, यात वादच नाही. पण 'बाकी आपोआप येतं' हे मला अजिबात मान्य नाही, आणि तो चौथा पाव नेमका याच समजुतीवर भरला जातो. बोर्डवर तो तिसऱ्याच्या पुढची पायरी दिसतो. प्रत्यक्षात ती दुसरीच विद्या आहे आणि ती वेगळी शिकावी लागते. मी आयटीआयमध्ये शिकवतो, आणि उत्तम कारागीर असूनही ज्यांच्याकडून पोरांना काहीच घेता आलं नाही असे लोक माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

वाळूजच्या मित्रा, तुमच्या चिपचंच उदाहरण घेऊ. हात बसला की हात डोक्याला विचारत नाही. जॉब लोड करण्याआधी तुमचं बोट पॅडवरून फिरत असणार. एअर तुम्ही ठरावीक कोनातून मारत असणार. जॉब टेकल्याचा आवाज तुम्ही ऐकत असणार. यातलं काहीच तुम्ही पोरांना सांगितलेलं नाही, कारण आपण ते करतो हे तुमच्या लक्षातच येत नाही. 'स्वच्छ करा' हे एसओपीतलं वाक्य ज्याला काम येतं त्यालाच कळतं. तेव्हा पहिली गरज ही, की स्वतःचं काम सुटं करून बघता यावं. कुणाला तरी तुमचा व्हिडिओ काढायला सांगा आणि तो थांबवत थांबवत बघा.

हे मी घरचं सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले कसलेले कामगार सैन्यात गेले आणि ज्यांनी कधी मशीन पाहिलं नव्हतं अशी माणसं कारखान्यांत आली, त्यात बायका मोठ्या संख्येनं होत्या. तेव्हा १९४० ते १९४५ या काळात तिथल्या सरकारनं 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा कार्यक्रम चालवला. त्यात सुपरवायझरच्या पाच गरजा मांडल्या होत्या: कामाचं ज्ञान, जबाबदाऱ्यांचं ज्ञान, शिकवण्याचं कौशल्य, पद्धत सुधारण्याचं कौशल्य आणि माणसं सांभाळण्याचं कौशल्य. कामाचं ज्ञान आणि शिकवण्याचं कौशल्य त्यांनी तेव्हाच वेगळं धरलं होतं. त्यांच्या वर्गात विजेच्या वायरला मारायची एक गाठ शिकवत. आधी नुसती तोंडी सांगायची, ती जमत नसे. मग न बोलता करून दाखवायची, तरी जमत नसे. मग एकेक टप्पा, त्यातला की पॉइंट, म्हणजे काम जमणं-फसणं ज्यावर ठरतं ती गोष्ट, आणि त्या की पॉइंटचं कारण सांगत दाखवायची, आणि शिकणाऱ्याकडून तसंच सांगत करून घ्यायची. मग जमायची. युद्धानंतर हा कार्यक्रम जपानला गेला आणि टोयोटानं तो आपल्या कामात मुरवला. तुमच्या डोजोच्या भिंतीवर टप्पा, की पॉइंट, कारण असे तीन रकाने असलेले कागद लागले असतील तर ते या घराण्यातले आहेत.

तर 'समजलं का?' हा प्रश्न आजपासून बंद करा. नव्या जागी, बाहेरगावच्या पोराला 'नाही समजलं' म्हणायला फार धीर लागतो. त्याऐवजी त्याला एकदा गप्प राहून करू द्या, मग टप्पे बोलत, मग की पॉइंट बोलत, मग कारणं बोलत. कारण सांगताना जिथं अडखळेल तिथं तुमचं शिकवणं राहिलेलं आहे. आणि दाखवताना तो तुमच्या समोर नको, शेजारी उभा असावा, नाहीतर त्याला सगळं उलट्या हाताचं दिसतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, क्षमता किती प्रकारच्या. जर्मनीत साधारण चार अंगांनी बघतात. विषयाची क्षमता, पद्धतीची क्षमता, माणसांत वागण्याची क्षमता आणि स्वतःला सांभाळण्याची क्षमता. तिथं कारखान्यात शिकाऊ उमेदवार घडवणाऱ्याला नुसतं काम येऊन भागत नाही, शिकवण्याची पात्रता वेगळी सिद्ध करावी लागते. १९६९ च्या व्यवसाय प्रशिक्षण कायद्याच्या आधारानं १९७२ मध्ये तसा नियम आला. २००३ मध्ये तो स्थगित केला आणि २००९ मध्ये पुन्हा लागू केला. परीक्षेत लेखी भाग असतो आणि जास्तीत जास्त ३० मिनिटांचं प्रात्यक्षिक असतं. त्यात शिकवण्याचा एक प्रसंग करून दाखवायचा किंवा मांडायचा, आणि तसंच का केलं याची उत्तरं द्यायची. तुमच्या चौथ्या पावासाठी कुणी उभं राहून बघितलं नाही म्हणता, तिथं नेमकं तेच बघतात.

आपल्याकडं आयटीआयच्या निदेशकांसाठी सीआयटीएस (क्राफ्ट इन्स्ट्रक्टर ट्रेनिंग स्कीम) हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. ट्रेडच्या जोडीला ट्रेनिंग मेथडॉलॉजी असते. लेसन प्लॅन आणि डेमॉन्स्ट्रेशन प्लॅन लिहायचे, बरोबरच्यांसमोर शिकवून दाखवायचं. तुम्हाला नोकरी सांभाळून वर्ष काढणं कठीण आहे, हे मला कळतं. पण लेसन प्लॅन लिहिण्याची सवय मात्र आजच लावता येईल. प्रस्तावना, मांडणी, करून घेणं, तपासणं, एवढे चार भाग. एका वेळी पोराला पेलेल तेवढंच. लोडिंग आणि ऑफसेट एकाच दिवशी नको.

माणसांत वागणं आणि स्वतःला सांभाळणं याबद्दल इतर लोक माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मी एकच मुद्दा धरतो. प्रॉडक्शनचे साहेब पोर मागायला आले आणि ते तयार नसेल, तर 'अजून नाही' असं शांतपणे आणि पुराव्यानं सांगता आलं पाहिजे. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्यानं मालकावर जबाबदारी टाकलीय की शिकाऊ उमेदवारांचं प्रशिक्षण विहित पात्रतेच्या माणसाच्या हाती असावं. ते पोर तुमच्याकडं शिकायला आलंय, कमी पडणारी माणसं भरून काढायला नाही. जबाबदाऱ्यांचं ज्ञान म्हणतात ते हे.

गटप्रवर्तक_जिंतूर

मला मशीनमधलं काही कळत नाही, पण लातूरच्या सरांचं वाचून राहवलं नाही. मी गटप्रवर्तक आहे. आशाताईंना शिकवणं आणि त्यांच्याबरोबर गृहभेटींना जाणं हेच माझं काम.

नवजात बाळाच्या गृहभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. त्यात वजन, ताप आणि श्वास मोजायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त असले तर ती धोक्याची खूण. बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही, मध्येच थांबल्यासारखा होतो, मध्येच भरभर. म्हणून अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलेलं चालत नाही, पूर्ण मिनिट मोजावं लागतं. वर्गात हे सगळ्याजणींना येतं. लेखी परीक्षेतही येतं.

पण घरात गेलं की सासूबाई म्हणतात, "बाळ आत्ता झोपलंय, कशाला उघडं करता?" बाळंतीण बोलत नाही. दारात शेजारणी उभ्या. अशा वेळी आशाताईचा हात घड्याळाकडं जातो का, आणि ती पूर्ण मिनिट थांबते का, हे वर्गात बसून कधीच कळणार नाही. म्हणून मला वाटतं, ट्रेनरला शिकवण्याइतकंच बघता आलं पाहिजे. काम जिथं चालतं तिथं जाऊन, बाजूला बसून, हात न लावता बघायचं. हे सोपं नाही. तोंडावर येतं, "अगं ताई, अजून मोज." पण मी सगळ्यांसमोर मध्ये पडले तर त्या घरात पुन्हा तिचा शब्द कुणी ऐकत नाही. बाळाला खरंच धोका दिसला तर एक क्षण थांबायचं नाही, ते वेगळं. नाहीतर बोलायचं ते परत येताना, रस्त्यानं, दोघीच असताना. आणि सुरुवात तिनं चांगलं काय केलं तिथून. वजनाचा काटा लावताना झोळीला हवा लागू दिली नाही, शून्य तपासलं, हे तिला सांगितलं की मग श्वासाचं ती स्वतःच काढते.

आमच्यात दहावी झालेल्या आहेत तशा पदवीधरही आहेत, तांड्यावरच्या आहेत, माझ्याहून वयानं मोठ्याही आहेत. मोठ्या ताईंना मी अहोजाहोच करते, आणि त्या गावातलं कुठलं घर कसं उघडतं ते त्यांनाच विचारते. त्यांना येणारं मी विचारलं की मला येणारं त्या घेतात. तुमच्या बिहारच्या मुलांनाही त्यांच्याकडं काय काम केलं ते आधी विचारा भाऊ. कुणी खराद (लेथ) मशीनवर बसलेला निघेल.

क्वालिटी_चिकलठाणा

पीपीटी मागणाऱ्यांपैकी मी एक, म्हणून थोडक्यात. आयएसओ ९००१:२०१५ च्या ७.२ कलमात ट्रेनिंग दिलं एवढ्यावर थांबलेलं नाही. माणूस शिक्षण, प्रशिक्षण किंवा अनुभवाच्या जोरावर सक्षम आहे का, आणि त्यासाठी केलेल्या उपायाचा परिणाम झाला का, हे बघायचं असतं. वाहन उद्योगातल्या आयएटीएफ १६९४९:२०१६ मध्ये प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणासाठी वेगळं कलमच आहे. सह्यांचा हजेरीपट हा परिणामाचा पुरावा होत नाही.

तुमच्याकडं पुरावा तयार आहे. हाइट रिजेक्शनची नोंद ऑपरेटरनिहाय आणि शिफ्टनिहाय काढायला सांगा. बॅच शिकवण्याआधीची आणि नंतरची शेजारी ठेवा. आकडे वाचता येणं हे ट्रेनरचंच काम आहे, आमच्यावर सोडू नका. आणि एक लक्षात ठेवा. रिजेक्शन एकाच फिक्चरवर, सगळ्या शिफ्टमध्ये, जुन्या ऑपरेटरकडूनही येत असेल तर दोष ट्रेनिंगचा नाही, फिक्चरचा आहे. कूलंटचा नोझल भलतीकडं वळलाय किंवा चिप धुऊन जायला वाटच नाही, असं काही निघेल. 'ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं' एवढं लिहून करेक्टिव्ह ॲक्शन बंद करायची पद्धत सगळीकडं आहे. ट्रेनरनं ती अडवली पाहिजे.

व्हीएमसी_वाळूज

सगळ्यांचे लई आभार. ताई, तुमचा मेसेज तर मी आमच्या एचआर मॅडमलाही वाचून दाखवला.

लातूरच्या सरांनी सांगितल्याप्रमाणं व्हिडिओ काढून बघितला आणि कागद लिहिला. दोन टप्पे इथं टाकतो, बघून सांगा.

टप्पा: फिक्चर साफ करणे. की पॉइंट: एअर वरून सरळ नको, पिनच्या मुळाशी तिरकी, आतून बाहेर. मग तिन्ही रेस्ट पॅडवर बोट फिरवायचं. कारण: वरून मारली की चिप पिनच्या कोपऱ्यात जाऊन बसते, तिच्यावर जॉब बसतो आणि हाइट जाते.

टप्पा: जॉब ठेवणे. की पॉइंट: क्लॅम्पच्या आधी दोन बोटांनी दाबून हलवून बघायचं, डुगडुगला नाही पाहिजे. कारण: डुगडुगला म्हणजे खाली चिप आहे.

शेंद्रा_नाईटशिफ्ट

पहिला टप्पा झकास. दुसऱ्यातलं कारण चुकतंय भाऊ. तुझ्या फिक्चरला तीन पॅड आहेत. तीन टेकूंवर जॉब कसाही डुगडुगणार नाही, एका पॅडखाली चिप असली तरी तो तिरका पण पक्का बसंल. डुगडुग कळते ती चार पॅडच्या फिक्चरवर. पोरगं हलवून बघंल, हलला नाही म्हणून क्लॅम्प मारंल आणि हाइट जाईल. त्याऐवजी जॉब ठेवला की हातानं दाबून धरून प्रत्येक पॅडपाशी फीलर गेज (फट तपासायची पातळ पट्टी) घालून बघायला शिकव, निदान शिकण्याच्या काळात तरी. पुढं सीट चेकची एअर लाईन, म्हणजे जॉब नीट टेकला का ते हवेनं तपासणारी, बसवता येते का ते मेंटेनन्सला विचार.

आणि लातूरच्या सरांना सांगतो, कारणाचा रकाना नसता तर हे माझ्याही ध्यानात आलं नसतं. तेवढं मी मान्य करतो.

शिल्पनिदेशक_लातूर

अगदी बरोबर पकडलंत. हे पकडायला ट्रेडच यावा लागतो, म्हणून कागद लिहिला की दुसऱ्या जाणकारानं वाचलाच पाहिजे.

माझी एक भर, पहिल्या टप्प्यात. 'बोट फिरवायचं' हे जसंच्या तसं देऊ नका. तुमच्या बोटाला कुठं किती जोर द्यायचा ते ठाऊक आहे, नव्या पोराच्या बोटात चिप घुसेल. आधी ब्रश, मग एअर, आणि चिप गेल्याचं डोळ्यांनी दिसल्यावरच हलकं बोट. एअर मारताना गॉगल घातलेला आहे का हे त्याच टप्प्याच्या की पॉइंटमध्ये लिहा, कागदाच्या वर सुरक्षेच्या वेगळ्या चौकटीत नको. तिथलं कुणी वाचत नाही.

कागद पुरा झाला की दुसऱ्या लाईनवरच्या, हा जॉब कधीच न केलेल्या माणसाच्या हातात द्या आणि तुम्ही गप्प उभे राहा. तो जिथं थांबेल तिथं कागदात भर घाला.

व्हीएमसी_वाळूज

दोन्ही दुरुस्त्या केल्या. डुगडुगची सवय जुन्या चार पॅडच्या फिक्चरची असणार, तिथं ती चालत होती. असेंब्लीतल्या एका ताईंना कागद देऊन बघतो, त्यांनी व्हीएमसीला कधी हात लावलेला नाही. ब्रशची मागणी स्टोअरला दिली. सोमवारी नवी बॅच यायलीय.

फीलर कितीचा देऊ? हाइटची टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, ±०.०५ मिमी आहे.

शेंद्रा_नाईटशिफ्ट

०.०३ चा दे. ०.०५ चा आत गेला नाही म्हणजे फट ०.०५ पेक्षा कमी आहे एवढंच कळंल, आणि तेवढ्यात तुझी एका बाजूची टॉलरन्स संपली. पात बारीक असते, पोरं वाकवून टाकतील, दोन जादा मागवून ठेव.